२१४ तास आणि महिन्याला ५५ हजार

माझ्या धाकट्या बहिणीच्या लॉगबुकात विमान उडवल्याचे २१४ तास आहेत. त्यातला कुठला तास कधी उडाला हे मला जवळजवळ पाठ आहे कारण फ्लाइंग स्कूलचे पैसे मीच भरायचो, सातपूरला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवरून, आणि पैसे गेल्याचा मेसेज आला की लगेच तिला फोन, "गेले बघ, उद्या उडतेयस ना?" बऱ्याचदा उत्तर यायचं की नाही दादा, विमान मेंटेनन्सला आहे, नाहीतर व्हिजिबिलिटी नाही. दीड वर्षाचा कोर्स सांगितला होता, पावणेतीन वर्षं लागली.

आम्ही निफाड तालुक्यातले. ओझरची धावपट्टी आमच्या द्राक्षबागेपासून फार लांब नाही, तिथल्या एचएएलच्या विमान कारखान्याचं सुखोई लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की नाना फवारणीचा पंप बंद करून तिला हाक मारायचे, ये लवकर, बघ. तिथूनच ते वेड लागलं. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मग डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचे पेपर, तिथे पासिंगच ७० टक्क्यांना असतं, नेव्हिगेशनला पहिल्यांदा ६६ पडले तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्सला, किमान २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. हे सगळं तिने केलं. स्कूल, हॉस्टेल, मेडिकल, परीक्षा मिळून ४८ लाख. त्यातलं ४० लाख कर्ज, जमीन तारण ठेवून, ११ टक्क्यांनी, १० वर्षांचं. हप्ता ५५ हजार. बाकीचे आठ लाख दोन सीझनच्या द्राक्षाचे, आणि त्यातला एक सीझन अवकाळीने अर्धा नेला होता.

गावात लोक अजून म्हणतात, पोरगी पायलट, आता काय नाना, मजा आहे. कुणाला वाईट सांगायचं नसतं म्हणून नाना मान हलवतात.

लायसन्स हातात आलं की एअरलाइन बोलावते असं नसतं हे आम्हाला नंतर कळलं. एअरबस ए-३२० उडवायचं तर त्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवायची परवानगी लागते, त्याचं ट्रेनिंग सिम्युलेटरवर होतं, आणि त्याचा खर्च आम्हाला सांगितला गेला वीस लाखांच्या आसपास. तो कुणी भरायचा, तर पायलटने. ज्या जाहिरातीत हे पैसे मागत नाहीत त्यात लिहिलेलं असतं की टाइपवर, म्हणजे त्याच प्रकारच्या विमानावर, ५०० तास पाहिजेत. आता ज्याला कुणी विमानात बसवलंच नाही त्याने टाइपवर ५०० तास आणायचे कुठून? ए-३२० काय भाड्याने मिळतं का चौफुलीवर? आणि वाट बघत बसायचं तरी फुकट बसता येत नाही, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडायची परवानगी) दरवर्षी रिन्यू, पायलटचं क्लास वन मेडिकल दरवर्षी, हात सुटू नये म्हणून अधूनमधून उडायचं, प्रत्येक गोष्टीला पैसे. चौदा महिने झाले लायसन्स येऊन. सध्या ती नाशिकरोडला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते.

मागच्या महिन्यात एका एअरलाइनमध्ये तिचं सिलेक्शन झालं. लेखी, सायकोमेट्रिक, सिम्युलेटरवरची चाचणी, इंटरव्ह्यू, सगळं पार. घरात पेढे आले आणि रात्री तिने ऑफरचा कागद माझ्यासमोर ठेवला. टाइप रेटिंग स्वखर्चाने, ट्रेनिंगच्या काळात स्टायपेंड, आणि वर काही वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड. तो स्टायपेंड आमच्या हप्त्यापेक्षा कमी आहे, म्हणजे ती कामाला लागली तरी सुरुवातीला तिचा हप्ता माझ्या पगारातून आणि बागेतूनच जाणार. कंपनीसाठी ट्रेन व्हायचं, कंपनीचंच विमान उडवायचं, आणि शिकण्याचा खर्च मात्र निफाडच्या शेतकऱ्याने करायचा, हा कुठला न्याय आहे? आमच्या कंपनीत नवीन सीएनसी मशीन आलं की ऑपरेटरला ट्रेनिंगला पुण्याला पाठवतात, जाण्यायेण्याचं भाडं देतात, पगार चालू ठेवतात. आणि इथे तर मागे १८० माणसं बसलेली असतात.

मी हे फक्त पैशासाठी लिहीत नाहीये.

अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरचं फ्लाइट ३४०७ बफेलोजवळ एका घरावर कोसळलं, ५० माणसं गेली. बहिणीच्या ग्राउंड क्लासमध्ये हा अपघात शिकवला होता, तिने मला सांगितला तेव्हापासून डोक्यातून जात नाही. को-पायलट २४ वर्षांची मुलगी होती. पगार एवढा कमी की आईवडिलांकडे राहायची, सिअ‍ॅटलहून रात्रभर दुसऱ्या विमानांतून प्रवास करून ड्यूटीला न्यूअर्कला आली होती. सर्दी झालेली होती. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये ती म्हणते की आता आजारी आहे म्हणून कळवलं तर बरं वाटेपर्यंत हॉटेलात राहावं लागेल, तेही स्वतःच्या पैशाने. आणि ती उडाली. अपघात झाला तो स्टॉलच्या वेळी, म्हणजे वेग कमी होऊन पंखांची उचल जात असताना, कॅप्टनने स्टिक पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढल्यामुळे, पण दोघांच्या थकव्याचा विषय चौकशीत भरपूर निघाला.

त्यानंतर अमेरिकेने काय केलं, तर २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही १५०० तासांची अट घातली, आर्मी-एअरफोर्सवाल्यांना ७५०, ठराविक डिग्रीवाल्यांना १०००. पण कोलगनच्या त्या दोघा पायलटांकडेही १५०० पेक्षा जास्तच तास होते! कॅप्टनकडे तीन हजारांच्या वर. म्हणजे तासांचा आकडा वाढवून तो प्रश्न सुटत नव्हता. विश्रांतीचे नियमही त्यांनी बदलले, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि तिथे निदान २५०-३०० तासांचा पोरगा इन्स्ट्रक्टर होऊन पगार घेत घेत तास जमवतो. आपल्याकडे इन्स्ट्रक्टरच्या जागाच किती? युरोपात आणि आपल्याकडे २०० तासांचे नवे पायलट आधी ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून शिकतात, मगच नेहमीच्या ड्यूटीवर सोडतात, आणि नीट केलं तर ते सुरक्षित आहे. त्यामुळे अनुभव कमी म्हणून पगार कमी हे मला पटत नाही, उड्डाणाची जबाबदारी पहिल्या दिवसापासून पूर्ण असते.

ज्याच्या डोक्यावर साठ लाखांचं कर्ज आणि बाँड आहे तो सकाळी चार वाजता ताप असताना फोन करून "मी आज अनफिट आहे" असं म्हणेल का? नियमाने त्याने म्हणायलाच पाहिजे. मी हे बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, दादा, मी म्हणेन. मग थोडं थांबून म्हणाली, म्हणायला पाहिजे. त्या थांबण्याचीच मला भीती वाटते.

आपल्याकडे डीजीसीएने पायलटची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली, चांगलंच केलं, पण डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या एअरलाइनच्या हजारो फ्लाइट रद्द झाल्या आणि काही नियमांना तात्पुरती सूट द्यावी लागली. पायलट कमी पडले म्हणे. आणि आमच्या घरात एक पायलट फिजिक्स शिकवतेय. नोकरी सोडायची तर को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर नोटीस द्यावी लागते हा नियम २०१७ पासून आहे. पायलट सोडून जाऊ नये यासाठी नियम होऊ शकतो तर टाइप रेटिंगचा खर्च एअरलाइनने करावा, बाँड घ्यायचा तर त्या खर्चापुरताच घ्यावा, आणि ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार द्यावा असा नियम का होऊ शकत नाही?

त्या ऑफरला उत्तर द्यायला आमच्याकडे पंधरा दिवस आहेत. बहीण म्हणते नको, अजून एक जाहिरात बघू. नाना म्हणतात वय निघून जाईल. त्यांनी परवा तलाठ्याकडून विहिरीजवळच्या एकराचा सातबारा काढून आणलाय, त्यावर माझंही नाव आहे म्हणून विकायला माझी सही लागते. तो कागद टीव्हीच्या बाजूला ठेवलाय. मी अजून सही केलेली नाही.