वारा पडला की झोप उडते

मागच्या डिसेंबरात निफाडला गावी होतो, रात्री अडीचला तात्यांनी हलवून उठवलं, म्हणाले चल बागेत, वारा पडलाय. आमच्याकडे द्राक्षवाल्यांना थंडीपेक्षा वारा पडायची भीती जास्त, कारण पाणी उतरलेले, म्हणजे पिकायला लागून रस भरलेले, मणी एका रात्रीत तडकतात.

आता गंमत अशी की हवा काही उन्हाने थेट फारशी तापत नाही, तापते जमीन आणि ती मग हवेला तापवते, रात्री सगळं उलटं. आभाळ मोकळं असलं की जमीन आपली ऊब वर फेकत बसते, स्वतः गार पडते आणि तिला चिकटलेली हवाही गार करते, आणि गार हवा जड म्हणून ती तिथंच बसून राहते. वारा असता तर वरची कोमट हवा खाली ढवळली गेली असती, ढग असते तर वर गेलेली ऊब थोडी परत आली असती. म्हणून ढगाळ रात्री तात्या घोरत असतात (मग त्यांना भुरीचं, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचं, टेन्शन येतं, ते वेगळं).

मी थर्मामीटर घेऊन गेलो होतो. बांधावर गुडघ्याएवढ्या उंचीवर साडेतीन, घराच्या गच्चीवर आठ! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा जो आकडा पेपरात येतो तोही असा माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरच्या पेटीतला असतो, त्यामुळे पेपरात चार असलं तरी खाली गवतावर दव गोठलेलं दिसतं, त्यात खोटं कुणी बोलत नाही.

त्याहून भारी म्हणजे 1932 साली रामदास आणि आत्मनाथन यांनी दाखवलं की उघड्या जमिनीवर शांत रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला टेकलेली नसतेच, वीत-दोन वीत वर असते. हे रामदास पुण्याच्या हवामान खात्यातले, आणि बरीच वर्षं लोकांना वाटत होतं की यांचं मोजण्यातच काहीतरी चुकलंय.

तर शेकोट्या. तात्यांनी बांधाला एक मोठा ढीग पेटवला, त्यावर ओला पाला, धूर लिंबाच्या शेंड्यापर्यंत सरळ गेला आणि तिथं आडवा पसरला, अगदी चादर टाकल्यासारखा. वरची हवा आधीच कोमट, त्यामुळे धुराला तिथून पुढे चढायला जोर उरत नाही. तात्या म्हणाले, बघ, पांघरूण झालं. मी म्हटलं तात्या, धूर दिसतो पांघरुणासारखा पण जमिनीची ऊब त्यातून आरपार जाते, काम करते ती आगीची धग, आणि एकच मोठी आग लावली तर धग सगळी वर निघून जाते, त्यापेक्षा लहान लहान दहा लावा. "तुला फार कळतं," म्हणाले, आणि ड्रिप चालू करायला गेले, विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं ना.

साडेआठ-नऊला ऊन जमिनीला लागलं तशी ती धुराची चादर हलायला लागली, फाटली, अर्ध्या तासात गायब. दुपारपर्यंत हीच खालची हवा किलोमीटरभर उंच घुसळली जाते.

दुसऱ्या रात्री तात्यांनी नऊ लहान शेकोट्या लावल्या. प्रत्येकीवर ओला पाला होताच.