‘सगळं तुम्हीच बघा’ म्हणणाऱ्या सोसायट्यांची कामं आम्ही का घेत नाही

पुण्यात सोसायट्यांचे हिशेब लिहिणारे पुष्कळ आहेत आणि आमचीही सुरुवात तिथूनच झाली. मी एका सहकारी पतसंस्थेत नोकरीला होते. सहकार कायदा, लेखापरीक्षण, दोषदुरुस्ती अहवाल हे सगळं रोजचं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा नोकरी सोडली आणि कोथरूड-कर्वेनगर भागातल्या दोन-तीन सोसायट्यांची पुस्तकं घरी आणून लिहायला लागले. नवरा संध्याकाळी कंपनीतून आला की चहा घेता घेता टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी टाकायचा. भांडवल म्हणजे एक संगणक, एक प्रिंटर आणि जेवणाचं टेबल.

त्या सोसायट्या छोट्या होत्या. तीन मजले, लिफ्ट नाही, वीस-एक बिऱ्हाडं. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून किंवा सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले काका. त्यांच्याकडे एक लोखंडी कपाट असायचं आणि त्यात 1980 सालापासूनच्या पावत्या दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. या माणसांनी एक पैसा न घेता वर्षानुवर्षं जे काम केलं, त्यावर अर्धं कोथरूड उभं आहे. पुढे त्यांची पंचाहत्तरी उलटली, डोळ्यांना त्रास सुरू झाला. मुलं हिंजवडीला नाहीतर थेट अमेरिकेत. मग ते कपाटाची किल्ली आमच्या हातात द्यायचे. आमचा धंदा वाढला तो खरं तर या काकांच्या जागा रिकाम्या होत गेल्या म्हणून.

हिशेब लिहिता लिहिता लक्षात आलं की सोसायटीतली बरीचशी भांडणं बिलातून सुरू होतात आणि बिल कोणीच वाचलेलं नसतं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं असतं. घर एका खोलीचं असो की चार खोल्यांचं, वॉचमन आणि जिन्यातला दिवा सगळ्यांसाठी एकच. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना समान, वापरा किंवा वापरू नका. तळमजल्यावरच्या माणसाला हे पटवून देणं म्हणजे दर वर्षीची परीक्षा. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव पुंजी) किमान 0.25 टक्के, म्हणजे तो घराप्रमाणे कमी-जास्त येणार. त्यात पुण्याची आणखी एक गंमत आहे. इथे एकाच रस्त्यावर सहकारी सोसायटी असते आणि शेजारी 1970 च्या कायद्याखालचं अपार्टमेंटही असतं. अपार्टमेंटमध्ये खर्च अविभक्त हिश्श्याप्रमाणे, म्हणजे जमीन आणि सामाईक जागेतल्या प्रत्येक घराच्या वाट्याप्रमाणे, वाटला जातो. त्यामुळे ‘आमच्या मेव्हण्याकडे तर असं नाहीये’ या वाक्याने सभेत किमान एक वाद ठरलेला.

आम्ही वार्षिक सभेच्या आधीच्या एखाद्या रविवारी बिल वाचायला बसायला लागलो. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकायच्या, एकेक ओळ घ्यायची, ती कोणत्या नियमातून आली ते सांगायचं आणि मागच्या वर्षी त्या शीर्षाखाली खर्च काय झाला ते दाखवायचं. सोबत कांदेपोहे. याचे आम्ही वेगळे पैसे कधी घेतले नाहीत, पण आमची पुढची बरीच कामं या रविवारांनीच मिळवून दिली.

थकबाकीचंही तसंच. कायद्याने सोसायटीला वसुली दाखला, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करायचा सहकार खात्याचा आदेश, मिळवता येतो, थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं. ही हत्यारं असावीतच. पण थकबाकीदार बहुतेक वेळा पैशाने अडलेला नसतो, तो रागावलेला असतो. वरच्या मजल्यावरून गळती होते आहे आणि तीन पावसाळे कोणी बघायला आलेलं नाही, म्हणून त्याने मेंटेनन्स थांबवलेला असतो. नोटीस पाठवण्याआधी समितीतल्या एकाला बरोबर घेऊन आम्ही त्या घरी जातो. ओल कुठे आहे ते बघतो, फोटो काढतो. आपण गेल्यावर आधी अर्धा तास ऐकून घ्यावं लागतं. चेक त्यानंतर निघतो.

मग वाकड, बाणेर, हिंजवडीची मोठी कामं आली. तीनशे-चारशे सदनिका, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, जनरेटर, डझनभर लिफ्ट, उन्हाळ्यात टँकरची रांग. जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी. इथे नुसता हिशेब लिहून चालणार नव्हतं. आम्ही माणसं घेतली, प्रत्येक संकुलात मॅनेजर बसवला, कर्वे रस्त्याजवळ कार्यालय भाड्याने घेतलं. दर सदनिकेमागे महिन्याला ठरावीक रक्कम, असा करार. धंदा म्हणून सगळं छान चाललं होतं.

तिथेच ते वाक्य पहिल्यांदा कानावर आलं. ‘मॅडम, तुम्ही प्रोफेशनल आहात. सगळं तुम्हीच बघा.’

ऐकायला बरं वाटतं. पण वर्षा-दोन वर्षांत काय होतं ते सांगते. सभेला गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, लागते ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यातली कमी असेल ती. म्हणजे चारशे सभासदांच्या सोसायटीत 20 जण आले तरी पुरतं. तेही अर्ध्या तासात आले नाहीत तर सभा तहकूब करून नंतर घेता येते आणि त्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मॅनेजर, चेअरमन, खजिनदार आणि चहावाला एवढ्यांच्या साक्षीने कोटीभर रुपयांचं अंदाजपत्रक मंजूर झालेलं मी पाहिलं आहे. सगळं कायदेशीर. निवडणूक लागली की अर्ज भरायला माणूस मिळत नाही. जिन्यातला दिवा गेला तर लोक ॲपवर तक्रार टाकतात आणि खालीच उभ्या असलेल्या वॉचमनला सांगत नाहीत. एकाने मला सरळ विचारलं, ‘आम्ही पैसे देतो ना, मग मीटिंगला कशाला बोलावता?’

त्याचं चूक होतं असं मला वाटत नाही. आम्ही सेवा इतकी गुळगुळीत केली होती की सभासदाचं गिऱ्हाईक होऊन बसलं. आणि गिऱ्हाइकाला शेजाऱ्याशी जुळवून घ्यायची गरज नसते. पाण्याची टंचाई आली, किंवा बिल्डर जमीन सोसायटीच्या नावावर करून देत नाही (कन्व्हेयन्स) म्हणून सरकारकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करायची वेळ आली, की चारशे घरांच्या सह्या गोळा करायला एकही माणूस उभा राहत नाही. अशा वेळी मॅनेजर कितीही चांगला असो, त्याला काही करता येत नाही.

तेव्हा आम्ही कराराचा मसुदाच बदलला. पाणी, कचरा, लिफ्ट, सुरक्षा, हिशेब या प्रत्येक विषयाला रहिवाशांपैकी एकाचं नाव करारातच लिहिलेलं हवं. समितीतलाच हवा असं नाही, गृहिणी चालेल, निवृत्त माणूस चालेल. आमचा मॅनेजर त्याला आठवड्यातून एकदा भेटणार आणि त्या विषयाची वही दोघांनी मिळून बघायची. सभेत मॅनेजर इतिवृत्त लिहील, विचारलं तर आकडे सांगेल, मत देणार नाही. कोटेशनं आम्ही आणू, कंत्राटदार निवडणार समिती. आणि कंत्राटदाराकडून एक रुपयाही आमच्याकडे येणार नाही. या धंद्यात ही शेवटची ओळ लिहावी लागते, यावरून काय ते समजा.

कामं गेली. निविदा उघडताना आमचा दर सगळ्यात कमी कधी नव्हताच, त्यात ही अटींची यादी. नवऱ्याने तोवर नोकरी सोडून पूर्णवेळ यात उडी घेतली होती, त्यामुळे घरात पगार असा उरला नव्हता. आमच्या मॅनेजरांपैकी एक जण तर म्हणाला, ‘ताई, आपण आपल्याच पोटावर पाय देतोय.’ त्याला उत्तर म्हणून दाखवायला माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं.

ते मिळालं सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत, कचऱ्यातून. घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 साली आले. त्यात 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं होतं. या सोसायटीत बिल्डरने बांधून दिलेले खतखड्डे होते, पण तिथे जायचं म्हणजे नाकाला रुमाल. आमचा मॅनेजर महिनोन्‌महिने सूचना लावत होता. ओला-सुका वेगळा करा, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा. लोक सूचना वाचायचे आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली उष्टी भाजी सुक्या डब्यात टाकून ऑफिसला जायचे.

कराराप्रमाणे कचऱ्याच्या विषयाला नाव लागलं ते बी विंगमधल्या एका काकूंचं. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिल्यांदा खड्डा उकरून बघितला आणि सांगितलं, यात नुसतं नायट्रोजनवालं भरलंय, कर्ब कुठे आहे? सोसायटीत वर्षावृक्षांचा पाचोळा गोळा करून जाळायचे, ते त्यांनी थांबवलं. ओल्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पाल्याचा थर, आठवड्यातून एकदा खालीवर, पाणी सुटलं तर आणखी पाला. वास महिन्याभरात गेला. पण खरी गोष्ट पुढची आहे. सकाळी सात ते नऊ त्या स्वतः डब्यांजवळ खुर्ची टाकून बसायला लागल्या. कोणाला रागावल्या नाहीत. पिशवी चुकीच्या डब्यात टाकू पाहणाऱ्याला ‘बाळ, यात काय आहे?’ एवढंच विचारायच्या. पंधरवड्यात संकुल सरळ झालं.

मॅनेजरला जे जमलं नाही ते काकूंना जमलं, कारण मॅनेजरला टाळता येतं. काकू संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटतात, त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जायचं असतं, त्यांच्याकडे पोरगं गणित विचारायला जातं. पगार देऊन हे विकत घेता येत नाही आणि आम्हीही ते विकू शकत नाही. आमचं काम एवढंच की काकूंना पाला टाकायला माणूस वेळेवर मिळावा, खड्ड्याची वही नीट राहावी आणि मिळकतकरातल्या सवलतीचे कागद महापालिकेत वेळेत जावेत. सुका कचरा ‘स्वच्छ’च्या ताई नेतात. 2008 पासून महापालिकेबरोबर काम करणारी ही कचरावेचकांची सहकारी संस्था. डब्यातलं वर्गीकरण सुधारल्यावर त्यांच्या हातांना काय फरक पडला, हे त्यांनीच एकदा सभेत येऊन सांगितलं. त्या सभेला गणपूर्तीची चिंता नव्हती.

तेव्हापासून मॅनेजर निवडताना मी एक गोष्ट बघते. हॉटेल मॅनेजमेंटवाले, निवृत्त सुभेदार, बीकॉम झालेली मुलं, सगळे येतात. मी विचारते, एखाद्याने तुमच्यावर आवाज चढवला तर काय कराल? ‘समजावून सांगेन’ म्हणणाऱ्याला मी घेत नाही. ‘त्यांचं काय बिनसलंय ते आधी विचारेन’ म्हणणाऱ्याला घेते. टॅली शिकवता येतं.

भाडेकरूंबद्दल दोन शब्द, कारण इथे माझं समित्यांशी हमखास वाजतं. वाकडकडच्या संकुलांत निम्मी घरं भाड्याने असतात. त्यांना मत नाही, सभेत बसायचा हक्क नाही. घर भाड्याने दिलं म्हणून मालकाकडून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत ना-वापर शुल्क घेता येतं, एवढाच त्यांचा वहीतला उल्लेख. वर ‘बॅचलर नको’ची पाटी. पण गणपतीत मांडव घालायला रात्री एक वाजता जी मुलं जागी असतात ती याच घरांतली. नागपूरची, नांदेडची, इंदूरची, विशाखापट्टणमची. आमच्या करारात विषयाला नाव लावायचं तर भाडेकरूचंही लावता येतं. एका संकुलात पाण्याची वही दोन वर्षं एका भाडेकरू मुलीने सांभाळली. रोज सकाळी मीटरचा आकडा आणि टँकरची संख्या फळ्यावर लिहायची. आकडे समोर दिसायला लागल्यावर फ्लश टाक्यांची गळती शोधायला लोक आपणहून पुढे आले. ती घर बदलून गेली तेव्हा समितीने तिला निरोप दिला, शाल-श्रीफळासकट.

व्हॉट्सॲपचं मात्र आम्ही सोपं केलंय. सूचनांचा गट वेगळा, त्यात फक्त समिती लिहिते. बाकी सुप्रभात, राजकारण आणि ‘कोणाकडे शिडी आहे का’ दुसऱ्या गटात, आणि तिथे आमचा माणूस नसतो.

2019 च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी सहकार कायद्यात वेगळं प्रकरण आलं आणि 250 पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना स्वतःची निवडणूक स्वतः घ्यायची मुभा मिळाली. आमचं कागदाचं काम त्याने थोडं वाढलं. पण सध्या खरा वेळ जातो तो पुन्हा कोथरूडमध्येच. आमच्या सुरुवातीच्या त्या तीन मजली सोसायट्या आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सहकार कायद्याच्या कलम 79 (अ) खालच्या सरकारी निर्देशांप्रमाणे आता 51 टक्के संमती पुरते, पण उरलेल्या 49 टक्क्यांबरोबर पुढची वीस-तीस वर्षं एकाच जिन्यात राहायचं असतं, हे विकसकाच्या सादरीकरणात नसतं. आम्ही विकसक सुचवत नाही. सभांची सूचना, चित्रीकरण, इतिवृत्त, प्रत्येक घरी जाऊन शंका लिहून घेणं आणि त्यांची उत्तरं लेखी मिळवणं, एवढंच घेतो. यातही जिथे निवृत्त काकांनी पूर्वी कपाट नीट ठेवलं होतं तिथे काम निम्म्या वेळात होतं.

सिंहगड रस्त्यावरच्या त्या सोसायटीने यंदा पूर्ण करार चालू ठेवला नाही. हिशेब तेवढे आमच्याकडे ठेवले. बाकी सगळं त्यांची विषयवार माणसंच बघतात आणि कचऱ्याला आता काकूंच्या हाताखाली दोन तरुण आहेत. महिन्याचा मोठा आकडा गेला, नवऱ्याने दोन दिवस तोंड पाडलं. तिथल्या मॅनेजरला आम्ही वाघोलीच्या नव्या कामावर पाठवलंय. साडेतीनशे घरं आहेत आणि पाण्याच्या विषयाला अजून नाव मिळालेलं नाही.