राणेसाहेबांनी रस्ता केला

(माजी विद्यार्थी, दहावी १९८८)

शाळेच्या स्मरणिका समितीचं पत्र आलं. 'सैन्यदलातील थरारक अनुभव' लिहून पाठवा, शब्दमर्यादा पाळा, गणवेशातला फोटो जोडा. फोटो जोडला आहे. थराराचं मात्र जरा अवघड आहे. मी सॅपर होतो, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. सॅपर म्हणजे लष्करातला गवंडी, सुतार, पाथरवट, सगळं एकात. पूल टाकायचे, रस्ते काढायचे, सुरुंग पेरायचे आणि पेरलेले काढायचे. सुटे पोलादी भाग जोडून टाकायच्या बेली पुलाचं एक पॅनल उचलायला सहा माणसं लागतात. त्या सहातला एक म्हणून माझी बरीच नोकरी गेली. डोंगरमाथ्यावर झेंडा रोवतानाचा माझा फोटो कुणाकडेच नाही.

तरी लिहितो आहे ते आपल्या ड्रिलच्या सरांमुळे. ऐंशीच्या दशकात शाळेत असलेल्यांना वेगळं सांगायला नको. सर मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन गावी आले होते. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे, "हवालदार. वाढवू नका." पाहुण्यांसमोरही. एकदा एका झेंडावंदनाला अध्यक्षांनी माइकवरून 'कॅप्टनसाहेब' म्हटलं, तेव्हा सरांनी भर मैदानात रांगेतून बाहेर येऊन सलाम ठोकला आणि आपला खरा हुद्दा सांगितला. अध्यक्ष बिचारे गोंधळले. आम्ही हसलो, आणि त्या हसण्याबद्दल नंतर मैदानाला चकराही मारल्या.

सरांकडे एक पिवळी पडलेली पुस्तिका होती, परमवीर चक्राच्या मानपत्रांची. वक्तृत्व स्पर्धेत आमच्या वर्गातल्या एकाने परमवीर चक्र मिळालेल्या राणेसाहेबांवर भाषण केलं होतं. 'शत्रूवर वाघासारखे तुटून पडले', 'रक्ताचे पाट वाहवले' वगैरे. टाळ्या पडल्या, पहिला नंबरही मिळाला. दुसऱ्या दिवशी ड्रिलच्या तासाला सरांनी आम्हाला कडुलिंबाखाली बसवलं आणि पुस्तिकेतलं मानपत्र एकेक वाक्य मराठी करून सांगितलं. शेवटी त्या वक्त्याला विचारलं, "यात तुटून कुठे पडले, दाखव." तो गप्प. सर म्हणाले, "राणेसाहेबांनी रस्ता केला. चार दिवस रस्ता केला."

ते मानपत्र मला पुढे खडकीला पुन्हा भेटलं आणि तोवर मला ते जवळजवळ पाठ होतं. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्सचेच, मूळचे कारवारकडचे. १९४० मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशच्या लढाईत होते, अधिकारी झाले ते नंतर. काश्मीरच्या लढाईत ८ एप्रिल १९४८ ला नौशेराहून राजौरीकडे रणगाडे निघाले. वाटेत शत्रूने झाडं पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, सुरुंग पेरलेले. वाट मोकळी करायचं काम राणेसाहेबांच्या तुकडीचं. सुरुवातीलाच उखळी तोफांचा मारा झाला, दोन जवान गेले, पाच जखमी झाले आणि त्या पाचांत राणेसाहेब स्वतः. इथे माणूस मागे गेला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी उरलेल्यांची नव्याने जुळणी केली आणि रात्री दहापर्यंत काम केलं, शत्रूला दिसत असताना. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरू. रणगाड्यांसाठी बाजूने वळणवाट काढली, पुढे चिडाची आडवी झाडं उडवली, की तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला, मशीनगनच्या माऱ्यात.

सरांचा आवाज चढायचा तो या तिसऱ्या दिवसाच्या दुपारी. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दोनच्या सुमाराला चिंगसला पोचले. म्हणजे ज्यांच्यासाठी रस्ता करायचा ते पुढे निघून गेले होते. मागून यायचे होते ते रसद घेऊन येणारे ट्रक. राणेसाहेब त्यांच्यासाठी काम करत राहिले. पोटात अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत. चौथ्या दिवशी पुन्हा सकाळी सहा ते रात्री दहा. "रणगाडे गेले ना? मग झालं ना काम?" सर आम्हाला विचारायचे. आम्ही माना हलवायचो. "मग हा माणूस थांबला का नाही?" याचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. घंटा व्हायची.

सरांच्या रेजिमेंटचा त्यांना अभिमान होताच. त्यामुळे त्याच रेजिमेंटचे नामदेव जाधवही आम्हाला माहीत होते. नगर जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा, कंपनीचा निरोप्या शिपाई. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. बरोबरचे बहुतेक पडले, काही जखमी झाले. त्यांतल्या दोघांना जाधवांनी एकेक करून खोल पाण्यातून, चढ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणून सोडलं. तिथे त्यांना थांबता आलं असतं. ते तिसऱ्यांदा पलीकडे गेले आणि मशीनगनची ठाणी बंद पाडली. हात जखमी झाला, बंदूक चालेना, तेव्हा हातबॉम्बवर भागवलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. व्हिक्टोरिया क्रॉसचं नाव आम्हा पोरांना फार आवडायचं. सरांना आवडायचं ते दोघांना उचलून आणणं.

माझ्या भरतीचं फार सांगण्यासारखं नाही. साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखी गावंच्या गावं फौजेत आहेत, तसं आपल्याकडे नाही. म्हणजे सैन्याशी खान्देशाचा संबंधच नाही असं नव्हे. धरणगावला १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली होती, आणि आजही वरणगावच्या कारखान्यातली काडतुसं फौजेत जातात. पण घरातलं माणूस फौजेत असणं आमच्या गावाला सवयीचं नव्हतं. सर पहाटे पाटाच्या कडेने आम्हाला पळवायचे, स्वतः सायकलवर, खिशात भाजलेल्या शेंगा. पहिला आला त्याला मूठभर, शेवटच्यालाही मूठभर, मधल्यांना काही नाही. कारण विचारायची आमची छाती नव्हती. या पळवण्याचा सरांनी कुणाकडून पैसा घेतला नाही आणि शाळेच्या वेळापत्रकातही ते नव्हतं. मी निघालो तेव्हा आईने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला, "जपीसन ऱ्हायजो भो" म्हणाली, आणि चाळीसगावला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये वडिलांनी मला खिडकीतून आत ढकललं. दारातून शिरणं शक्य नव्हतं.

आता समितीला हवा तो भाग.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि सारी फौज पश्चिम सीमेवर जाऊन उभी राहिली. ऑपरेशन पराक्रम. लढाई झाली नाही. पण सीमेलगतच्या शेतांत सुरुंग पेरले गेले होते आणि सैन्य मागे घ्यायचं ठरल्यावर ते काढणं आलं. आमची कंपनी पंजाबात, अबोहर-फाजिल्काच्या बाजूला. तिकडे कापूसच. तिथले लोक नरमा म्हणतात. कुंपणाच्या तारेला लाल त्रिकोण लटकलेले आणि तारेच्या आत कुणाच्या तरी कपाशीचं रान पडीक. मी कपाशीच्या घरातला. एक हंगाम बुडाला म्हणजे घरात काय होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माणसासाठी पेरलेला लहान सुरुंग तळहातात मावतो. प्लास्टिकचा. पेरताना प्रत्येकाची जागा नकाशावर नोंदलेली असते, पण शेताला पाणी दिलं गेलं, पाऊस झाला, वारा सुटला की तो जागा सोडतो. नकाशा सांगतो इथे आणि तो असतो हातभर पलीकडे. धातू नावापुरता, त्यामुळे यंत्रावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. मग पोटावर झोपायचं आणि टोचणीने जमीन तपासायची. टोचणी सरळ खाली मारायची नाही, तिरपी सरकवायची. सुरुंग वरून दाबला की फुटतो, बाजूने टोक लागलं तर नुसता अडतो. अडलं की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची, खूण करायची. मग पुढची बोटभर जमीन. अंगावर जाड जाकीट, तोंडावर काच, काचेवर घाम. हिशोबही चोख लागतो. नोंदीतला एक जरी कमी भरला तरी ते शेत मालकाच्या ताब्यात देता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून.

एके दुपारी शेजारच्या पट्ट्यात स्फोट झाला. एका तरुण जवानाचा पाय गेला. तो पट्ट्याच्या आत बराच लांब पडलेला आणि ओरडत होता. अशा वेळी सिनेमात मित्र धावत जातो. सुरुंगाच्या रानात धावत जाणारा दुसरा जखमी होतो आणि मग दोघांना आणायची वेळ येते. म्हणून धावायचं नाही, असा नियमच आहे. सुरक्षित हद्दीच्या दोऱ्यापासून त्याच्यापर्यंत नवी वाट टोचत न्यायची, स्ट्रेचर जाईल एवढी रुंद.

आमच्या तुकडीची पाळी संपली होती. आमचा नाईक, म्हणजे हवालदाराच्या खालच्या हुद्द्याचा, सोलापूरकडचा. त्याने जाकीट काढलं होतं, हातात चहाचा मग होता. पाळीवरची तुकडी तयार होत होती. त्याने मग खाली ठेवला, जाकीट चढवलं आणि आडवा झाला. मागे पांढरी फीत सोडत आणि खुणा करत मी. माणूस समोर ओरडतोय आणि तुम्ही बोटा-बोटाने पुढे सरकताय, याच्याइतकं कठीण काम मी नोकरीत दुसरं पाहिलं नाही. हात आपोआप घाई करू लागतो. नाईकाचा हात पहिल्या फुटाला जसा चालला तसाच शेवटच्या फुटाला चालला. तोंड मात्र सतत सुरू. गाव कोणतं, म्हैस किती दूध देते, पुन्हा गाभण आहे का. तो पोरगा आधी शिव्या देत होता, मग उत्तरं देऊ लागला. वाटेत दोन सुरुंग लागले, त्यांना खूण करून बाजूने गेलो. त्याला घेऊन आलो. घोट्याखालचा पाय गेला होता, जीव वाचला. पुढे पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्याला पाय बसवला, आता तो गावी पिठाची गिरणी चालवतो. नाईक परत येऊन पाहतो तर त्याची बिस्किटं कुणीतरी संपवलेली. त्यावरून त्याने जो दंगा केला तो कंपनीत पुढे वर्षभर गाजला.

त्याला पदक मिळालं नाही. ही तक्रार नाही. परमवीर, महावीर, वीर ही चक्रं शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. शत्रूसमोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. परमवीर तर आजवर फक्त २१ जणांना, त्यातले १४ मरणोत्तर. त्या पदकावरची इंद्राची वज्रं रेखाटली सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने त्या युरोपातल्या, खानोलकरांच्या घरात आल्या आणि मराठी-संस्कृत शिकून इथल्याच झाल्या. वज्राची कल्पना दधीची ऋषींवरून, ज्यांनी देवांना स्वतःची हाडं दिली. चाळणी एवढी बारीक असल्यावर बरंच धान्य खाली राहणार. माझं म्हणणं एवढंच की खाली राहिलेलंही धान्यच असतं, आणि समारंभात आपण फक्त वरचं मोजतो.

दुसरा माणूस आमचा सुभेदार. शेत ताब्यात द्यायच्या दिवशी हिशोब जुळलेला असायचा, कागदावर सह्या झालेल्या असायच्या. तरी शेतकरी ट्रॅक्टर आत घालायला कचरायचा. साहजिक आहे. ज्या जमिनीत आपल्या बैलाचा पाय उडालेला पाहिला तिथे नांगर कोण घालेल? सुभेदारसाहेब काही न बोलता ट्रॅक्टरच्या पुढे चालू लागायचे. हात पाठीमागे बांधून, शेतावर फेरी मारायला निघालेल्या मालकासारखे. बांधापाशी पोचले की वळायचे, पुन्हा चालायचे. मागून नांगर. असा कुठलाही हुकूम नव्हता. उलट वरच्यांना कळलं असतं तर बोलणी बसली असती. एका म्हाताऱ्या सरदारजींनी नांगराच्या तिसऱ्या तासाला ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरून त्यांचा हात धरला आणि बांधावर नेऊन बसवलं. मग घरून लस्सी आली. आम्हा सगळ्यांना आली, ग्लास तर हातभर उंच.

मी सुट्टीवर आलो तेव्हा हे सरांना सांगितलं. सर थकले होते, खाटेवर असत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सुभेदाराच्या हुद्द्याचा. "खरा सुभेदार ना? का आमच्या गावासारखा?" खरा, म्हटलं. मग त्यांनी दोनदा सांगायला लावलं, ट्रॅक्टरपुढे चालत जायचं तेवढंच. नाईकाची गोष्ट त्यांना ठीक वाटली. ते त्याचं कामच होतं, म्हणाले. मी त्यांच्याशी वाद घातला, आणि आजही घालीन. पाळी संपलेली होती. सरांच्या मते सॅपरची पाळी संपत नसते.

निवृत्तीनंतर मी शाळेच्या मैदानावर सकाळी पोरांना पळवतो. पाटाच्या कडेने आता पळता येत नाही, तिथे डांबरी रस्ता झाला आणि डंपर असतात. अग्निवीरसाठी पोरं बरीच येतात. कमांडो व्हायचं सगळ्यांना, सॅपर कुणालाच नको. गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, सुरुंग काढायला मुलींना घेतात का?" म्हटलं, इंजिनिअर्समध्ये महिला अधिकारी आहेत, पण त्यासाठी बहुतेकदा इंजिनिअरिंगची पदवी लागते, म्हणजे गणित लागतं. तेव्हापासून ती सकाळी गणिताच्या क्लासला जाते आणि पळायला फक्त रविवारी येते. रोज येतो तिचा भाऊ. तो पळतो चांगला, पण त्याचं गणित कच्चं आहे. शाळेने त्याच्याकडे जरा बघावं.