डोमकावळ्याचा कोट

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात प्रवेश फुकट आहे. कधी आलात आणि एकोणिसाव्या शतकातला पुरुषी कोट काचेआड दिसला, तर आधी त्याच्या पाठीकडे जा. पाठीचा मधला भाग कंबरेशी जेमतेम चार-पाच इंच रुंद असतो. दोन्हीकडच्या शिवणी मुंढ्यातून, म्हणजे बाही जोडतात त्या कापातून, निघतात आणि कमानीसारख्या वळत कंबरेला उतरतात. खांद्याची शिवण माथ्यावर नसून इंच-दीड इंच मागे सरकलेली असते. व्हिक्टोरियन घाट म्हणतात तो हाच. याच संग्रहालयाचं स्टोअरहाऊस मे २०२५ मध्ये पूर्व लंडनला उघडलं. तिथे आधी नोंदणी करून साठ्यातल्या पाचपर्यंत वस्तू जवळून पाहायला मागवता येतात, त्याही मोफत. शिवणकाम करणाऱ्या माणसाने एक अख्खा दिवस त्यासाठी राखावा.

काल्पनिक पात्राचा पोशाख शिवायचा म्हटलं की आपल्याकडे पहिली खरेदी लेस, साखळ्या आणि पितळी बटणांची होते. मग हे सगळं आजच्या ब्लेझरवर चढवलं जातं आणि पात्र उभंच राहत नाही. कोट नीट बेतला असेल तर दागिने अर्धे पुरतात.

हा काळ आपल्या नागपूरला परका नाही. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. आपला कोट त्याच सुमाराच्या घाटाचा धरू. पात्र आहे डोमकावळ्याचा दूत: पुढून कंबरेपर्यंत आखूड, मागे दोन लांब शेपट्या, त्यांवर कापडी पिसं.

छाती ३८ इंच आणि उंची साडेपाच फूट धरली, तर ५८ इंच पन्ह्याचं कापड साडेतीन मीटर लागेल, पिसांचं धरून. अस्तर अडीच मीटर, आतून आकार धरणारा ताठ कॅनव्हास एक मीटर. नागपूरच्या गांधीबागेत किंवा इतवारीत घेताना सगळं एकाच ताक्यातून घ्या. दोन ताक्यांतला काळा रंग दुकानात सारखा दिसतो, उन्हात एक तांबूस निघतो. कापड लोकरीचं मिळालं तर उत्तम, नाहीतर जाड सुती ड्रिल. शंभर टक्के पॉलिस्टर मात्र नको. या शिलाईत निम्मं काम इस्त्रीची वाफ करते. लोकर वाफेने आटते आणि वळते, पॉलिस्टर तसंच ताठ राहतं. वास्कटाला आपला भंडाऱ्याकडचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, घ्या. इथे लंडनच्या सोहोतल्या दुकानांत रेशमाचे ढीग आहेत, तरी कोशाची ती खरखरीत झळाळी या पोशाखाला जास्त शोभते.

आधी मांजरपाटाचा कच्चा कोट शिवा. मांजरपाट धुऊन इस्त्री करूनच बेतायचा, नाहीतर आटल्यावर मापं फसतात. या कच्च्या कोटात एकच गोष्ट तपासायची: मुंढा. मास्टर सवयीने मुंढा खोल कापतात, माणसाला मोकळं वाटावं म्हणून. होतं उलटंच. मुंढा खोल असला की हात वर करताच अख्खा कोट वर ओढला जातो, कारण बाही आणि अंग काखेपासून फार खाली जोडलेले असतात. आजच्या ब्लेझरपेक्षा मुंढा इंचभर वर ठेवा, काखेला अलगद टेकेल इतका. पहिल्यांदा घट्ट वाटेल, पण हात डोक्यावर नेऊन बघा, कंबरेची शिवण जागची हलणार नाही. मुंढ्याला एक इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, ठेवा. कमी कापलेलं पुन्हा कापता येतं, जास्त कापलेलं जोडता येत नाही.

बाही दोन तुकड्यांची, कोपरात वळलेली. तिचा माथा मुंढ्यापेक्षा दीड इंच मोठा असतो. माथ्यावर कच्च्या धाग्याच्या दोन ओळी घालून किंचित ओढा, वाफ देऊन तो फुगवटा जिरवा, मगच बाही जोडा. चुण्या दिसल्या तर वाफ कमी पडली किंवा कापड चुकीचं निवडलं.

कॅनव्हास हा या कोटाचा सांगाडा. चिकटवायचा बकरम सोपा पडतो, पण स्वस्तातला असला की वाफेने आणि उन्हाने त्याचा गोंद सुटतो आणि छातीवर बुडबुडे येतात. हाताने टाचा. लॅपल, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटणारी पट्टी, बोटांवर वळवून धरायचा आणि तशाच अवस्थेत अर्ध्या इंचाचे तिरपे टाके घालायचे. सुईने कापडाचा एखादाच धागा उचलायचा, पलीकडे टाका दिसता कामा नये. सपाट टेबलावर ठेवून टाचलेला लॅपल कधीच वळत नाही. जिथे लॅपल मुडपतो, त्या रेषेच्या अर्धा इंच मागे, छातीच्या बाजूला, सुती फीत लावा. ती रेषेपेक्षा पाव इंच आखूड हवी, म्हणजे कोट छातीला बिलगतो. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणासाठी, लेकराच्या मापाचा शिवत असाल तर कॅनव्हास वगळा, त्या पावसाळी दमट हवेत लेकरू उकडून निघेल.

आता पिसं. प्रत्येक पीस पाच इंच लांब, दोन इंच रुंद, दुहेरी शिवून उलटवलेलं. शेपटी २४ इंचांची असेल तर नऊ ओळी बसतात. कौलं शाकारतात तशी खालून वर जायचं, प्रत्येक ओळ खालच्या ओळीचा अर्धा भाग झाकेल. एका शेपटीला ३६ ते ४० पिसं लागतात.

एवढं वजन कंबरेच्या शिवणीवर आलं की पाठीला झोळ पडतो. त्यावरचा उपाय व्हिक्टोरियन बायकांच्या चोळ्यांत सापडतो: आतून कंबरेला एक इंची मजबूत फीत, पाठीच्या आणि बाजूच्या शिवणींना टाचलेली, पुढे हुकाने बंद होणारी. आधी फितीचा हूक लावायचा, मग कोटाची बटणं. शेपट्यांचा भार कमरेवर जातो, खांदे मोकळे राहतात.

अस्तर पाठीला अर्धंच लावा. रंगाची मोकळीक आहे, पण फिका जांभळा सुचवू: विल्यम पर्किनने १८५६ मध्ये लंडनमध्ये पहिला गाजलेला कृत्रिम रंग काढला तो हाच, आणि काळ्या शेपटीआडून तो चालताना चमकतो.

कोट धुवायचा नाही. वापरला की उलटा करून सावलीत रात्रभर टांगा, घामाच्या जागा ओल्या फडक्याने पुसा. पिसं उन्हात ठेवली तर एका उन्हाळ्यात विटतील.