इग्वासूची दोन स्पेलिंगे आणि तीन चलने

ब्राझीलमधील फॉस दो इग्वासूहून अर्जेंटिनातील पुएर्तो इग्वासूला जाताना एकाच धबधब्याचे नाव दोन्हीकडच्या पाट्यांवर निरनिराळे लिहिलेले दिसते. पोर्तुगीजमध्ये शेपटीचा ‘सी’, स्पॅनिशमध्ये ‘झेड’; उच्चार मात्र दोन्हीकडे ‘सू’च. लॉरेन्सो हे गोव्यातील नाव ज्यांनी पोर्तुगीज वळणाने लिहिलेले पाहिले आहे, त्यांना ही शेपटी ओळखीची वाटेल. मूळ शब्द खरे तर ग्वारानी या तिथल्या आदिवासी भाषेतला आहे, ‘इ’ म्हणजे पाणी आणि ‘ग्वासू’ म्हणजे मोठे. विमानाचे तिकीट काढताना ‘फॉस’ (नदीमुख) आहे की ‘पुएर्तो’ (बंदर), हे नीट वाचावे, कारण दोन्ही गावांना स्वतंत्र विमानतळ आहेत आणि मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आहे.

ब्राझीलचे सध्याचे चलन रेआल १९९४ साली आले. त्याचे अनेकवचन ‘रेआइस’, परंतु शब्दारंभीच्या ‘र’चा तिथे ‘ह’ होत असल्याने दुकानातील बाई ‘हेआइस’ म्हणाल्या, तेव्हा मला काहीच उमगले नाही. शेवटी त्यांनी जॅग्वारचे चित्र असलेली ५० ची नोट काउंटरवर ठेवून दाखवली. अर्जेंटिनात पेसोलाही डॉलरचेच चिन्ह लावतात, तेव्हा किमतीपुढे ते दिसले म्हणून डॉलर समजू नये. शिवाय ब्राझील, अर्जेंटिना आणि शेजारचा पॅराग्वे या तिन्ही देशांत हजारानंतर टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम देतात, त्यामुळे १.५०० म्हणजे दीड नव्हे, दीड हजार.

खरी फजिती पॅराग्वेत झाली. फॉसहून पूल ओलांडून सियुदाद देल एस्ते, म्हणजे ‘पूर्वेचे शहर’, येथे पोहोचलो. हुकूमशहा स्ट्रोएसनरची सत्ता उलथेपर्यंत, म्हणजे १९८९ पर्यंत, या शहराला त्याचेच नाव होते. चलनाचे नाव ग्वारानी, आणि नोटांवर शून्येच शून्ये. दोन चिपांचे (चीज घातलेले कसाव्याच्या पिठाचे पाव) दहा हजार द्यायचे असताना मी एक लाखाची नोट पुढे केली. विक्रेत्याने ती हसून परत केली, हे माझे नशीब. नोटा आदल्या रात्रीच रकमेप्रमाणे लावून ठेवाव्यात.

ब्राझीलचा व्हिसा पुनःप्रवेशाची मुभा देणारा आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्यावी, कारण भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र मागतात. स्थानिक लोकांना सीमेवर उतरावे लागत नसल्याने शहरी बस बहुधा थांबत नाही. पासपोर्टवर शिक्का हवा असल्याचे चालकाला चढतानाच सांगावे आणि पुढच्या बसची वाट पाहण्याइतका वेळ हाताशी ठेवावा.