मॅटचा एक तुकडा, एक देणगी: मुलींच्या कबड्डी संघासाठी निधी उभारताना

आमच्या मंडळाच्या मुली मातीवर कबड्डी शिकल्या, आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर. अनवाणी पायांनी जमीन धरायची सवय असलेली पोर मॅटवर बूट घालून उतरली, की चढाईत तिचा पाय ऐनवेळी अडकतो. खेळ चांगला असूनही मुली हरत होत्या, ते बघवत नव्हतं. मॅट हवीच होती.

निधीचं काम खजिनदार म्हणून माझ्याकडे आलं. ‘मदत करा’ म्हणत कुणाच्या दारात जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं. महिला आणि ज्युनिअर मुलींचं मैदान 12 बाय 8 मीटरचं. मॅट एकेक मीटरच्या चौकोनी तुकड्यांची, एकमेकांत अडकवायची. म्हणजे 96 तुकडे, कडेची मोकळी जागा वेगळी. एका तुकड्याची किंमत काढली आणि आम्ही तेवढीच मागायला लागलो. नेमका आकडा ऐकला की माणूस आपला खिसा चाचपून बघतो. मोघम मागणीला मोघमच उत्तर मिळतं.

नागपूरच्या इतवारी बाजारातला व्यापारी दसरा-दिवाळीत मान वर करत नाही. तुळशीचं लग्न आटोपल्यावर आम्ही गेलो. एक काकाजी म्हणाले, ‘‘ताई, वर्गणीवाले तर रोजच येऊन राहिले. पोरी खेळतात कुठं, ते दाखवा ना.’’ त्यांना सकाळच्या सरावाला बोलावलं. ते आले, कठड्यावर बसून तासभर बघत राहिले आणि दोन्ही नातींच्या नावानं एकेक तुकडा देऊन गेले. त्यानंतर देणगीदाराला आधी मैदानावर आणायचं, पैशाचं मग बोलायचं, असा नेमच केला.

पावतीपुस्तकाचं काम कंटाळवाणं, पण सगळा विश्वास त्यावरच टिकतो. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होती, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारं 80जी प्रमाणपत्रही होतं. तरी 2,000 रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही. म्हणून मोठी रक्कम चेक किंवा यूपीआयनंच घेतली.

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कंपन्यांचं गणित निराळं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात. त्यात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक खेळांचं प्रशिक्षण बसतं. प्रशिक्षण, हे महत्त्वाचं! एखादी स्पर्धा भरवायला किंवा जर्सीवर नाव छापून जाहिरात करायला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरत नाहीत. म्हणून आमचे प्रस्ताव दोन: प्रशिक्षकाचं मानधन आणि सरावाची मॅट सीएसआरसाठी, जर्सी आणि स्पर्धा प्रायोजकासाठी. शिवाय सीएसआरचा पैसा घ्यायला संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी लागते. ती 2021 पासून सक्तीची आहे. हे आधी करून ठेवा. कंपनीत पहिला प्रश्न तोच येतो.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो माजी खेळाडूंचा हातभार. लग्न होऊन कुणी वर्ध्याला, कुणी पुण्याला. दर महिन्याला थोडे थोडे पाठवतात. कंपनीची रक्कम एकदा येते, यांची थांबत नाही. मुलींचा रोजचा खुराक त्याच पैशातून चालतो.

आता पुढची यादी प्रवासाची. स्लीपरचं तिकीट दर मुलीमागे किती, ते मांडून झालंय. या वेळी एका देणगीदाराकडे एका मुलीचं जाणं-येणं मागणार आहोत.