माळ्यावरची ट्रंक आणि कपाटातले तीन खंड

जुनी कॉमिक्स तपासून त्यांची किंमत सांगायला शुक्रवार पेठेतल्या त्या घरी आम्ही दोघं सकाळी सातलाच पोचलो. मे महिन्यात सोलापुरात जुना कागद हाताळायचा तर तो सकाळीच. दुपारी पारा ४२-४३ वर जातो, हवेतला ओलावा जवळजवळ संपतो आणि साठ वर्षांचा न्यूजप्रिंट पापडासारखा होतो. जे पान सकाळी वाकतं तेच दुपारी तुटतं.

घरातल्या बाई निवृत्त शिक्षिका. वडिलांनी जमवलेली इंद्रजाल कॉमिक्स त्यांच्याकडे आली होती. इंग्रजी अंकांचे तीन बांधीव खंड खालच्या सागवानी कपाटात होते. मराठी अंक सुटे, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या चादरीत गुंडाळलेले. सोबत शंभर पानी वही, तिच्यात कोणते अंक आहेत आणि कोणते मिळवायचे याची यादी. आणि भाच्यानं अलीकडे ऑनलाइन विकत घेतलेला एक सुटा अंक.

बाई म्हणाल्या, "जे असंल ते खरं सांगा. भाचा म्हणतो, मावशी, खंड उसवून एकेक अंक विकू, जास्त येतात. तसं असलं तर तसं करू."

"खंडाला तूर्त हात लावू नका. आधी मोजू द्या," एवढंच आम्ही म्हणालो.

इंद्रजाल मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये थांबली. प्रकाशक टाइम्स ऑफ इंडियावालेच, बेनेट कोलमन. पहिल्या ३२ अंकांत फक्त वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. त्यानंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे मंडळी आलटून पालटून आली, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. तारखा आणि क्रमांक पाठ असणं इथं नुसतं हौसेचं नाही. ३२ च्या आतल्या क्रमांकाच्या कव्हरात मॅन्ड्रेकची गोष्ट निघाली, तर कव्हर एका अंकाचं आणि पोट दुसऱ्याचं, हे तिथंच कळतं.

टेबलावर धुतलेली पांढरी चादर पसरली. पांढरीच, कारण कागदाचा तपकिरी कोंडा तिच्यावर लगेच दिसतो. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे केले. हातमोजे आम्ही घालत नाही. मोज्यात पानाची कड कळत नाही आणि ठिसूळ कोपरा हमखास मोडतो. बाकी सामान थोडंच: दहापट भिंग, स्टीलची पट्टी, अतिनील टॉर्च, मऊ ब्रश आणि पेन्सिल. पेन टेबलाच्या आसपाससुद्धा नको.

पहिलं काम पानं मोजणं. लोक आधी कव्हर बघतात आणि तिथंच फसतात. पिनेनं जोडलेल्या अंकात प्रत्येक ताव दुमडून दोन पानं, म्हणजे चार पृष्ठं होतात. आतली पृष्ठं ३२ असली तर ताव ८, आणि एका तावाच्या एकाच बाजूला शेजारी छापलेल्या दोन पृष्ठांची बेरीज नेहमी ३३ येते. म्हणजे ७-८ हे पान फाटून गेलं असेल, तर २५-२६ हे त्याचं जोडपान पिनेतून सुटलेलं किंवा चिकटवलेलं सापडणारच. मधला ताव १५ ते १८ पृष्ठांचा. तो सगळ्यांत आधी निखळतो, कारण पिनेचं टोक त्याच्यावर घासत असतं, आणि तो गेलेला चटकन लक्षातही येत नाही. एक पान जरी गहाळ असलं, तरी दहाच्या मोजपट्टीवर तो अंक ०.५ ला उतरतो, मग कव्हर कितीही चकचकीत असो.

ही दहाची पट्टी मूळची अमेरिकेतली. तिथं ९.४ म्हणजे जवळजवळ कोरा, ८ म्हणजे फार चांगला, ६ चांगला वाचलेला, ४ मध्यम, २ म्हणजे मळका पण पुरा. आपल्याकडे स्टेशनच्या स्टॉलवर घेतलेला, चार भावंडांनी वाचलेला, शेजारी उसना गेलेला अंक बहुतेक २ ते ४ मध्येच बसतो. यात कमीपणा काही नाही. पण ज्यानं ९ चे फोटो पाहिलेत, त्याला आपल्या घरातल्या अंकाचा आकडा ऐकून वाईट वाटतं. म्हणून आम्ही आकडा शेवटी सांगतो, कारणं आधी.

ट्रंकेतले मराठी अंक १४१ भरले. पत्र्याच्या छताखालच्या माळ्याचा परिणाम पहिल्या दहा अंकांतच दिसला. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन आणि आम्ल कागदाला आतून खात असतं, आणि उष्णतेनं ते काम झपाट्यानं होतं. कडा गडद तपकिरी, मध्यभाग फिकट. पान उलटलं की चादरीवर कोंडा. पिना मात्र बहुतेक स्वच्छ. सोलापूरच्या अंकाची ही खूण आम्ही अनेकदा पाहिली आहे. कोकणातून येणाऱ्या अंकात कागद लवचीक राहतो, पण पिना गंजतात, गंजाचा डाग तीन-चार पानं आत उतरतो, बुरशीचे ठिपके पडतात. इथं गंज कमी आणि ठिसूळपणा जास्त. विकत घेताना यातला कोणता दोष पत्करायचा असं कुणी विचारलं, तर आम्ही गंज म्हणू. गंजलेली पीन जपून काढता येते. ठिसूळ झालेल्या कागदात पुन्हा जीव येत नाही.

ट्रंकेत कडुनिंबाचा पाला होता. चांगल्या हेतूनं घातलेला, पण थेट पानांमध्ये. पंचवीसेक अंकांत पानाच्या शिरांसकट तपकिरी ठसा उमटला होता, आणि दोन ठिकाणी तो वेताळाच्या चेहऱ्यावरच होता. पाला घालायचाच तर कापडी पिशवीत, ट्रंकेच्या तळाशी. खरं तर तो नकोच.

१४१ पैकी १०९ पूर्ण निघाले. १९ मध्ये मधला ताव नाही, ९ मध्ये मागचं कव्हर नाही, चारांना कव्हरच नाही. पूर्ण असलेल्यांतले सहा अंक आम्ही ५ च्या वर ठेवले. ते गठ्ठ्याच्या मधोमध दाबलेले होते, हवा आणि उजेड दोन्हीपासून लांब.

मग वही उघडली. इंग्रजी अंकांच्या यादीत दोन क्रमांकांना लाल पेन्सिलीनं गोल होता, १२३ आणि १२४. समोर वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेलं: "पुणे – नाही", "मुंबई, फोर्ट – नाही", "हैदराबाद – विचारले". बाई म्हणाल्या, "अप्पा शेवटपर्यंत हे दोन शोधत होते हो."

इंग्रजी मालिकेत १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नाहीत. टाइम्समधल्या कामगार वादाच्या काळात ते दोन क्रमांक गेले आणि मालिका १२५ वर सुरू झाली. हे सांगितल्यावर बाई बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. आम्हीही काम थांबवलं. चांगल्या याद्या ठेवणारा माणूस असा अडकतो, कारण क्रमांकांच्या ओळीत भोक दिसलं की ते बुजवायचं असतं. विकणाऱ्या लोकांना हे माहीत असतं, तेव्हा कुणी १२३ आहे म्हणून सांगितलं, तर किंमत विचारण्याचीही गरज नाही.

नऊ वाजता भाच्यानं घेतलेला सुटा अंक हातात घेतला. पहिल्या वर्षातला म्हणून विकलेला, कव्हर बघून कुणालाही हवासा वाटावा असा. कव्हरवर एक आडवी घडी दिसत होती, पण बोट फिरवलं तर ती लागेना. डोळ्याला घडी, बोटाला सपाट. म्हणजे घडी मूळ अंकावर होती आणि इथं तिचं नुसतं चित्र छापलं गेलं होतं. पिनेभोवती गंजाचा डाग होता, पीन मात्र चकचकीत. भिंगाखाली जुन्या छपाईत रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत एकमेकांवर बसलेले दिसतात. इथं बारीक समांतर रेघा होत्या, रंगीत लेझर झेरॉक्सच्या. कण्याच्या घडीवर टोनर तडकून पांढरी रेघ पडली होती. खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च मारला, तर कव्हर निळसर पांढरं झळकलं आणि आतली पानं मंद पिवळट राहिली. अशी झळकणारी, कागद पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं आजच्या झेरॉक्स कागदात भरपूर असतात, जुन्या न्यूजप्रिंटमध्ये नाही. शेवटी पिना न काढता मधल्या तावावर बघितलं: आतल्या पानांना पिनेच्या भोकांच्या दोन जोड्या, कव्हरला एकच. आतली गोष्ट तर दुसऱ्याच अंकाची होती.

भाचा पस्तिशीचा, शांत मुलगा. त्यानं फक्त विचारलं, "म्हणजे काहीच किंमत नाही?" आतल्या पोटाला सुट्या पानांची थोडी किंमत होती, कुणाच्या अपुऱ्या अंकाला लावायला. पण विकताना "कव्हर झेरॉक्स" असं स्पष्ट लिहून. आम्ही त्या कव्हरच्या आत पेन्सिलीनं तसं लिहूनही दिलं. असा अंक पुन्हा बाजारात खरा म्हणून फिरू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

मग खंड. माळ्यावरच्या अंकांनंतर ते उघडले तेव्हा फरक डोळ्यांत भरला. तेच शहर, तितकीच वर्षं, पण खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला लागून, लाकडी कपाटात. घट्ट बांधणीत हवा शिरली नाही, त्यामुळे पानांचा मधला भाग अजून दुधाळ, रंग ताजे, वेताळाचा पोशाख भडक. बांधणाऱ्यानं कव्हरंही आत ठेवली होती. ही मोठीच गोष्ट, कारण बहुतेक बाइंडर कव्हरं फाडून टाकत.

पण बाइंडिंग म्हणजे तीन इजा. एक, कटिंग मशीन. त्याच काळातल्या सुट्या अंकाशेजारी पट्टी लावून मोजलं: वरून ३ मिमी, खालून ४, समोरून ६ गेले होते. दोन कव्हरांवर अक्षरांची वरची कड छाटलेली. दोन, शिवण. दोरा घडीतून न घालता कडेनं, कण्यापासून साधारण ५ मिमी आत, भोकं पाडून ओवलेला. तीन, खळ. सोलापुरात खळ म्हटलं की मागावरचं सूत आठवतं; बाइंडरची खळही तशीच पिठाची, आणि कसरीला, म्हणजे कागद खाणाऱ्या किड्याला, ती फार आवडते. पहिल्या खंडाच्या पाठीवर वरच्या टोकाला कसरीनं खळीसोबत कापड आणि तीन कव्हरांचे कणे खाल्ले होते.

आता उसवायचं म्हटलं तर काय होईल? दोरा कापता येईल, पण खळ कण्याला घट्ट बसलेली. ती ओली केली तर न्यूजप्रिंट फुगतो आणि रंग उतरतो. कोरडी खरवडली तर कव्हरचा कणाच निघतो. हातात येईल तो छाटलेला, भोकं पडलेला, कणा नसलेला अंक. ग्रेड १ ते १.५. छाटलेला अंक घेणारा गिऱ्हाईकही तो छाटलेलाच धरतो. भाच्यानं महिनाभरापूर्वी चौथा, छोटा खंड उसवला होता, ते अंक त्यानं आणून दाखवले. सात अंक. कण्यांना सेलोटेप, आणि सर्वांत चांगलं कव्हर लॅमिनेट केलेलं.

सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होतो आणि कागदात मुरतो. वरची पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. लॅमिनेशन त्याहून वाईट. गरम प्लॅस्टिक कागदाच्या धाग्यांत वितळून बसतं, त्यातून कागद परत निघत नाही. आमच्या रोजच्या अंदाजात पूर्ण, वाचलेल्या, न छेडलेल्या अंकाला १०० धरलं, तर कव्हरवर पेननं नाव असलं की ८५, कणा अर्धा फाटला की ६०, लांब टेप लावला की ४० आणि लॅमिनेट केलं की १०. हा बाजारभाव नव्हे, आमचा अनुभव. पण क्रम बघा: फाटलेलं राहू दिलं तर ६०, दुरुस्त केलं तर ४०. फाटलेल्या कण्याला टेप लावण्याचा मोह होतो तेव्हा हे दोन आकडे आठवावेत.

किमतीचं बोलणं अकराला झालं. मराठी इंद्रजालला छापील दरपत्रक नाही. ऑनलाइन दिसतात ते मागितलेले भाव. त्यांतले कितीतरी अंक दोन-दोन वर्षं तसेच पडून असतात. धरायचा तो प्रत्यक्ष विकला गेलेला भाव, तोही त्याच भाषेतला, त्याच अवस्थेतला. इंग्रजी अंकाला देशभर आणि बाहेरही गिऱ्हाईक आहे. मराठी अंक कमी उरलेत, पण मागणारेही थोडे; ते मात्र जिद्दीचे असतात आणि एका तुटक क्रमांकासाठी बरंच मोजतात. म्हणून मराठी अंक एकगठ्ठा देऊ नयेत असं आमचं मत. सहा चांगले वेगळे, १०३ पूर्ण अंक वर्षवार दहा-बाराच्या जुडग्यांत, आणि अपुरे "सुटी पानं" म्हणून.

खंडांचं उलट. ते तीन एकत्र, वहीसह. क्रमानं बांधलेला, कव्हरांसकट, एका माणसानं यादी ठेवून जमवलेला संच, असं त्याचं वर्णन करता येतं आणि ते खरंही आहे. वही नसती तर आम्ही किंमत कमी सांगितली असती.

बाईंनी विचारलं, "आणि विकले नाहीत तर?"

"तर कपाटातच राहू द्या. फक्त आडवे ठेवा, उभे नको. उभ्या खंडाचं वजन शिवणीवर येतं. कसरीसाठी पाठीवरचा कोंडा ब्रशनं झाडू आणि कपाट दर दोन महिन्यांनी उघडून बघा."

सुट्या अंकांसाठी पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या आणि आम्लमुक्त पुठ्ठे यायचे होते. पीव्हीसीच्या पिशव्या, ज्यांना नव्या रेनकोटसारखा वास येतो, त्या कागदाला चिकटतात. त्या आणू नका असं भाच्याला लिहून दिलं. एका पिशवीत एकच अंक, आणि डबा भरताना ताठ उभे राहतील इतकेच, कोंबून नाही.

साडेअकरा झाले होते. उलटलेल्या प्रत्येक पानामागं आता चादरीवर जास्त कोंडा पडत होता, म्हणून पानं मोजून झालेल्या पण अवस्था लिहायची राहिलेल्या १२ अंकांची नोंद आम्ही पुन्हा न उघडता, बाहेरूनच केली आणि ट्रंक माळ्यावरून खालच्या खोलीत आणून ठेवली. पिशव्यांत भरायचं काम जुलैत, दोन-चार पाऊस पडून हवा मऊ झाल्यावर. वहीत १२३ आणि १२४ समोर काय लिहायचं ते बाईंनी आम्हाला विचारलं, आणि पेन्सिल घेऊन स्वतःच लिहिलं: "छापले नाहीत."